फेडोर केलिंगचं गाव

मंडळी, न्यूझीलंडचा इतिहास म्हटलं की आपल्याला पटकन तीन गोष्टी आठवतात. कॅप्टन कुक, १८४० सालचा वायटांगीचा करार आणि आपल्या तेनझिंगबरोबर एव्हरेस्टवर चढलेला एडमंड हिलरी. मुलांच्या शाळेतल्या प्रोजेक्टमुळे त्यात थोडीफार भर पडते, एवढंच. आधी माओरी आले, मग इंग्रज आले आणि बऱ्याच वर्षांनी आपण आलो, असा एक सुटसुटीत हिशोब आपण मनाशी मांडून ठेवलेला असतो. पण या हिशोबात मधली बरीच पानं राहून जातात. त्यातलं एक पान या अंकाच्या निमित्ताने आपल्यासमोर ठेवावं असं मनात आलं, कारण ते वाचताना मला वारंवार आपलीच आठवण येत होती.

मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट. मास्टर्स करायला म्हणून या देशात आलो आणि इथलाच होऊन गेलो. आमच्या धंद्यात क्लायंट जिथे असेल तिथे बॅग उचलून जावं लागतं. असंच काही वर्षांपूर्वी एका प्रोजेक्टसाठी काही महिने नेल्सनला राहणं झालं. शनिवार-रविवारी बायको-मुलं ऑकलंडहून आली की गाडी काढून आसपास भटकायचं, हा कार्यक्रम. त्या भटकंतीत एक गोष्ट लक्षात येऊ लागली. रस्त्यांच्या पाट्यांवर मध्येच रान्झाउ रोड, नॉयडॉर्फ रोड अशी नावं दिसत. ही नावं ना इंग्रजी, ना माओरी. अप्पर मूटेरे नावाच्या छोट्या गावात टेकाडावर एक सुबक लाकडी चर्च आहे, त्यावर लिहिलंय 'सेंट पॉल्स लुथरन'. शेजारच्या दफनभूमीत जुन्या शिळांवर जर्मन मजकूर. लेकीने विचारलं, "बाबा, हे लोक इथे कसे आले?" त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी फेडोर केलिंग नावाच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचलो.

पुढे जाण्याआधी 'लुथरन' या शब्दाबद्दल दोन ओळी. मार्टिन लुथर या जर्मन धर्मगुरूने १५१७ मध्ये रोमन चर्चच्या काही प्रथांना जाहीर आव्हान दिलं आणि १५२२ मध्ये 'नवा करार' सामान्य माणसाच्या जर्मन भाषेत आणला. धर्म लोकांच्या बोलीत सांगायचा, ही कल्पना ज्ञानेश्वरी ऐकत वाढलेल्या आपल्याला काही नवी नाही. लुथरच्या मागून जाणारे ते लुथरन. आणि मराठी इतिहासाशी त्यांचा अगदीच संबंध नाही असंही नाही. तंजावरचे सरफोजीराजे भोसले यांना लहानपणी ज्याने शिकवलं आणि सांभाळलं तो श्वार्ट्झ नावाचा पाद्री जर्मन लुथरनच होता. १७९८ मध्ये तो वारला, तेव्हा राजांनी आपल्या या गुरूसाठी इंग्लंडहून संगमरवरी स्मारक करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे. तंजावरकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

फेडोर केलिंगचा जन्म १८२० सालचा, उत्तर जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग संस्थानातला. योगायोग असा की त्याच वर्षी त्या संस्थानात शेतकऱ्यांची गुलामी कायद्याने संपली. तोवर तिथला शेतकरी जमीनदाराच्या मालकीच्या गावाला बांधलेला असे. कायद्याने तो मोकळा झाला खरा, पण जमीन मात्र जमीनदाराकडेच राहिली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वेठबिगारी गेली, पण कुळाच्या नावावर सातबारा काही चढला नाही. उलट, आता त्याला गावात ठेवून घेण्याची जबाबदारीही जमीनदारावर उरली नाही. लग्न करून बिऱ्हाड थाटायचं तरी कुठल्या तरी गावात राहण्याची परवानगी लागे, आणि ती मिळणं कठीण. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात मेक्लेनबुर्गहून माणसं थव्याथव्याने बाहेर पडली. बहुतेक अमेरिकेला गेली. थोडी मात्र पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला आली.

याची सुरुवात झाली हॅम्बुर्गमध्ये. १८४१ मध्ये तिथल्या काही मातब्बर मंडळींनी न्यूझीलंड कंपनीशी एक सौदा केला. दहा हजार पौंडांना चॅटम बेटं विकत घ्यायची आणि तिथे जर्मन वसाहत उभी करायची. ब्रिटिश सरकारने हा बेत हाणून पाडला. मग त्याऐवजी कंपनीच्या नव्या नेल्सन वसाहतीत जर्मन लोकांना जागा द्यायचं ठरलं. डिसेंबर १८४२ मध्ये 'सांक्ट पाउली' नावाचं जहाज हॅम्बुर्गहून सुटलं आणि १४ जून १८४३ रोजी नेल्सनला लागलं. जवळजवळ सहा महिने! आपण सिंगापूरला चार तासांचा हॉल्ट लागला की कुरकुर करतो. जहाजावर सव्वाशेच्या आसपास माणसं होती. शेतकरी, कारागीर, द्राक्षं लावणारे माळी आणि माओरींमध्ये काम करायला निघालेले चार तरुण लुथरन मिशनरी.

त्यांचं नशीब बघा. ते उतरल्यावर तीनच दिवसांनी, १७ जूनला, वायराउ इथे जमिनीच्या मोजणीवरून माओरी आणि वसाहतवाले यांच्यात चकमक झाली. वसाहतीचे २२ लोक मारले गेले, त्यात नेल्सनचा प्रमुख कॅप्टन आर्थर वेकफिल्डही होता. माओरींचीही माणसं पडली. सगळं गाव भेदरलेलं, आणि त्यात ही भाषा न येणारी नवी मंडळी. त्यांना मूटेरे खोऱ्यात जमीन मिळाली. जहाजाच्या नावावरून त्यांनी वस्तीचं नाव ठेवलं सांक्ट पाउलीडॉर्फ. डॉर्फ म्हणजे खेडं. झाडं तोडली, झोपड्या उभारल्या, आणि मग पूर आला. एकदा नाही, पुन:पुन्हा आला. जे पेरलं ते वाहून गेलं. त्यात जहाजावरचा कंपनीचा एजंट बाइट याच्याशी लोकांचं समुद्रातच बिनसलेलं. द्राक्षवाल्या माळ्यांनी त्या दाट रानाने झाकलेल्या टेकड्यांकडे पाहून मान हलवली. वर्षभरात वस्ती उठली. बरेच लोक जहाजात बसून ऑस्ट्रेलियात ॲडलेडकडे गेले, तिथे आधीच जर्मन लुथरनांची गावं वसलेली होती.

कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता की जर्मन वसाहतीचा प्रयोग फसला. पण तोवर दुसरं जहाज निघालेलं होतं.

या दुसऱ्या जहाजाचं नाव 'स्क्योल्ड'. काउंट रान्झाउ नावाच्या एका सरदाराने नेल्सनमध्ये जमिनीत पैसे गुंतवले होते. ती जमीन लागवडीखाली आणायला माणसं घेऊन जायचं काम त्याने केलिंग बंधूंवर सोपवलं होतं, थोरला कार्ल आणि धाकटा फेडोर. फेडोर तेव्हा पंचविशीही न गाठलेला. म्हणजे आपल्यातले बरेचजण ज्या वयात दोन सुटकेसेस आणि आईने दिलेला लोणच्याचा डबा घेऊन इथे उतरले, त्याच वयाचा. फरक एवढाच की त्याच्याबरोबर शे-सव्वाशेच्या वर माणसांची जबाबदारी होती, बहुतेक मेक्लेनबुर्गची शेतकरी कुटुंबं.

'स्क्योल्ड' १ सप्टेंबर १८४४ रोजी नेल्सनला लागलं. वेळ याहून वाईट असू शकली नसती. जेमतेम काही दिवसांपूर्वी न्यूझीलंड कंपनीचे पैसे संपले होते आणि तिने नेल्सनमधली सगळी कामं बंद केली होती. रस्ते बांधून रोजंदारीवर जगणारी इंग्रज कुटुंबंसुद्धा उपाशी होती. पेरलेले बियाण्याचे बटाटे उकरून खायची वेळ लोकांवर आली, ही आठवण नेल्सनच्या इतिहासात आजही सांगितली जाते. कंपनी बुडाली, प्रोजेक्ट बंद, आणि तुम्ही कालच परदेशात उतरलाय! २००८-०९ मध्ये ज्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि व्हिसाचे दिवस मोजावे लागले, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

केलिंग बंधूंनी मूटेरेचा नाद सोडला. त्यांनी नेल्सनच्या अलीकडे वायमीयाच्या सपाट मैदानात वस्ती केली आणि काउंटच्या नावावरून तिचं नाव ठेवलं रान्झाउ. कंपनीचं काम नव्हतं तरी स्वत:च्या शेतावर काम होतं. जमीन फोडायची, कुंपणं घालायची, गहू-बटाटे लावायचे. पहिल्या जहाजातले जे ऑस्ट्रेलियाला गेले नव्हते, त्यांतलेही काही इथे येऊन मिळाले. मला वाटतं दोन्ही जहाजांतला मुख्य फरक हाच होता. पहिल्या वेळी पुढारी आणि माणसं यांच्यात करार होता आणि करारावरून भांडण होतं. दुसऱ्या वेळी पुढारी त्याच मातीत त्यांच्याबरोबर राबायला उतरला आणि मुख्य म्हणजे निघून गेला नाही. फेडोर केलिंग १८४४ ला आला तो १९०९ मध्ये नव्वदीला टेकून वारला. पासष्ट वर्षं. एवढ्या काळात वस्तीतल्या माणसांच्या तीन पिढ्या त्याने पाहिल्या असणार.

या पासष्ट वर्षांत काय काय झालं ते पाहू. आधी पोटाची सोय झाली आणि पाठोपाठ देवळाची, म्हणजे चर्चची. चार मिशनऱ्यांपैकी हायने नावाचा एकजण आला होता माओरींमध्ये काम करायला, पण आपलीच माणसं पाद्र्यावाचून आहेत हे पाहून तो त्यांचा झाला. आधी रान्झाउला आणि नंतर मूटेरेत, त्याने कित्येक दशकं बारशी, लग्नं आणि अंत्यविधी केले. रविवारी जर्मनमध्ये प्रार्थना, जर्मनमध्ये भजनं. गंमत म्हणजे ही भाषाही त्यांच्या घरची नव्हती. मेक्लेनबुर्गचा शेतकरी घरात 'प्लाट' म्हणजे उत्तरेकडची गावरान जर्मन बोले आणि चर्चमध्ये पुस्तकी जर्मन. घरात मालवणी किंवा अहिराणी आणि शाळेत प्रमाण मराठी, असं ज्यांचं बालपण गेलंय त्यांना हे लगेच कळेल. बाजारात गेलं की तिसरी भाषा, इंग्रजी. म्हणजे तीन भाषांची कसरत तेव्हाही होतीच.

दरम्यान मूटेरे खोऱ्यात माणसं परत गेली. जे खोरं पुराने पळवून लावलं होतं तिथेच, पण आता थोडं शहाणं होऊन. १८५० मध्ये कोर्ट बेन्सेमान नावाच्या 'सांक्ट पाउली'वरच्या प्रवाशाने तिथे एक खाणावळ-कम-पब बांधला. तो मूटेरे इन आजही चालू आहे आणि देशातल्या सर्वांत जुन्या पब्जमध्ये गणला जातो. आजूबाजूच्या गावाला नाव पडलं साराउ आणि पलीकडच्या वस्तीला नॉयडॉर्फ, म्हणजे 'नवं खेडं', आपल्याकडचं नवेगाव. मायदेशातल्या भाऊबंदांना पत्रं गेली, मेक्लेनबुर्गहून आणखी कुटुंबं आली. आधी आलेल्याने घरात उतरवून घ्यायचं, काम बघून द्यायचं, मग पुढच्याने त्याच्या पुढच्याला. आपल्याकडे हे काम अजूनही असंच चालतं, फक्त पत्राच्या जागी व्हॉट्सॲप आलाय.

शेतीत त्यांनी लावलेलं एक पीक पुढे या भागाची ओळख बनलं. ते म्हणजे हॉप्स, बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वेल. उंच खांबांवर चढवलेल्या वेली, उन्हाळ्याच्या शेवटी सगळ्या घराने मिळून केलेली तोडणी आणि भट्टीत सुकवणं, हे वर्षाचं चक्र झालं. न्यूझीलंडचे जवळजवळ सगळे हॉप्स आजही नेल्सनच्या परिसरात पिकतात. २००० साली इथे तयार झालेलं 'नेल्सन सोव्हिन' नावाचं वाण तर जगभरचे बिअरवाले मागून घेतात.

फेडोर स्वत: शेतकरी राहिला, पण नुसता शेतकरी नाही. १८५०च्या दशकाच्या अखेरीस वायमीया मतदारसंघातून तो न्यूझीलंडच्या संसदेवर निवडून गेला. जरा विचार करा. इंग्रजी मातृभाषा नसलेला, ब्रिटिश साम्राज्याच्या बाहेर जन्मलेला माणूस इथे आल्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या आत खासदार. संसदेत तो फार काळ रमला नाही. पण त्याच्या लोकांना यातून एक गोष्ट नक्की कळली असेल, की रविवारी आपल्या भाषेत प्रार्थना करणं आणि सोमवारी या देशाच्या कारभारात भाग घेणं, यांत काही विरोध नाही.

या वायमीयाच्या मैदानातली आणखी एक गोष्ट आपल्या विज्ञानप्रेमी मुलांना सांगण्यासारखी आहे. रान्झाउपासून काही किलोमीटरवर ब्राइटवॉटर जवळ १८७१ मध्ये अर्नेस्ट रदरफर्डचा जन्म झाला, अणूचं केंद्रक शोधणारा तो रदरफर्ड. म्हणजे ज्या दशकांत ही जर्मन मंडळी हॉप्स आणि गहू काढत होती, त्याच मैदानात तो शाळेत जात होता.

शाळा! भाषेची खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. नेल्सन प्रांताने १८५६ मध्येच सरकारी शाळांची पद्धत सुरू केली आणि १८७७ च्या कायद्याने सबंध देशात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. ते अर्थातच इंग्रजीत. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. आईबापांनाही मुलांनी चांगलं इंग्रजी शिकावं असंच वाटत असणार. मग घरात आजी जर्मनमध्ये विचारणार आणि नातू इंग्रजीत उत्तर देणार. हे दृश्य कुणाकुणाच्या घरात रोज रात्री जेवणाच्या टेबलाशी घडतं, हात वर करा!

साराउच्या लोकांनी १९०५ मध्ये नवं चर्च बांधलं, मी सुरुवातीला सांगितलं तेच. फेडोर तेव्हा पंच्याऐंशीच्या घरात. त्या वेळी कुणी त्याला विचारलं असतं की बाबा, तुमच्या लोकांचं काय टिकेल, तर त्याने बहुधा आजूबाजूला बोट दाखवलं असतं. चर्च आहे, शेतं आहेत, गावांना आपली नावं आहेत. १९०९ मध्ये तो गेला. पुढचं त्याला बघावं लागलं नाही, हे त्याचं भाग्य.

कारण पाचच वर्षांनी, १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि 'जर्मन' हा शब्द एका रात्रीत शिवी झाला. वेलिंग्टनच्या खाडीतल्या सोम्स बेटावर 'शत्रुदेशीय' लोकांना कोंडून ठेवलं गेलं. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया कॉलेजातले प्राध्यापक फॉन झेडलिट्झ यांना काढून टाकण्यासाठी १९१५ मध्ये चक्क एक खास कायदा केला गेला. कॉलेज त्यांच्या पाठीशी उभं होतं तरी! इंग्लंडच्या राजानेसुद्धा १९१७ मध्ये आपल्या घराण्याचं जर्मन नाव टाकून 'विंडसर' असं नवं नाव घेतलं. मग खेड्यांचं काय घेऊन बसलात? साराउचं झालं अप्पर मूटेरे आणि रान्झाउचं झालं होप. सत्तर वर्षं ज्यांनी ही जमीन कसली, ज्यांची मुलं न्यूझीलंडचा गणवेश घालून याच युद्धात लढायला गेली, त्यांच्या गावांची नावं नकाशावरून पुसली गेली. होप म्हणजे आशा. नाव चांगलंच आहे. पण ज्यांच्यावर ते लादलं गेलं त्यांना ते कसं लागलं असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

उरलीसुरली जर्मन भाषाही या धक्क्याने मागे सरली. शाळेने जे काम हळूहळू चालवलं होतं ते युद्धाने घाईने उरकलं. आज तिथे गेलात तर जर्मन आडनावाचे शेतकरी भेटतील, अस्सल किवी उच्चारात बोलणारे. कोर्ट बेन्सेमानच्याच घराण्यातला लिओ बेन्सेमान हा विसाव्या शतकातला न्यूझीलंडचा नावाजलेला चित्रकार आणि मुद्रक. आडनाव राहिलं, कर्तृत्व राहिलं, भाषा नाही राहिली.

आता आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. केलिंग आणि त्याचे लोक ज्या जमिनीवर घाम गाळत होते ती आली कुठून? न्यूझीलंड कंपनीने नेल्सनमध्ये माओरींना कबूल केलं होतं की घेतलेल्या जमिनीचा दहावा हिस्सा त्यांच्यासाठी राखून ठेवू. त्यांची राहती घरं, शेतं आणि दफनभूमी याशिवाय. हे वचन पुरं पाळलं गेलं नाही. त्या कुटुंबांच्या वंशजांनी हा दावा न्यायालयात नेला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे वचन पाळण्याची कायदेशीर जबाबदारी सरकारवर होती. पावणेदोनशे वर्षांनी! मेक्लेनबुर्गच्या भूमिहीन शेतकऱ्याला इथे जमीन मिळाली आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणाला आपल्या जमिनीचा कबूल केलेला हिस्सा मिळाला नाही. यात त्या शेतकऱ्याची लबाडी नव्हती, पण त्याचं सुख मात्र या व्यवहारावर उभं होतं. आपण घर घेतो तेव्हा लॉयरकडून टायटल तपासून घेतो. त्या कागदाच्या मागेही एक जुना कागद असतो, हे इथे राहणाऱ्या आपणही लक्षात ठेवायला हवं.

तर मग या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? इथे मी तंजावरकडे परत येतो. सतराव्या शतकात भोसल्यांबरोबर तंजावरला गेलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आज साडेतीनशे वर्षांनीही घरात मराठी बोलतात. तमिळचे रंग चढलेली, आपल्याला ऐकून गंमत वाटेल अशी, पण मराठीच. उलट मॉरिशसचं बघा. तिथे १८३० च्या दशकापासून मजूर म्हणून मराठी माणसं गेली, म्हणजे साधारण केलिंगच्याच काळात. रोजच्या बोलण्यातून त्यांची मराठी मागे पडली, तिची जागा तिथल्या क्रिओल भाषेने घेतली. पण गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी आहे आणि सरकारी शाळांत मराठी हा विषय शिकवला जातो. आणि तिसरी ही नेल्सनची मंडळी, जिथे भाषा गेली पण चर्च, शेती आणि आडनावं राहिली.

या तिघांना शेजारी ठेवलं की मला एक गोष्ट दिसते. जिथे भाषेला रोजचं काही काम होतं तिथे ती टिकली. तंजावरला ती घरच्या स्वयंपाकाची आणि भांडणांची भाषा राहिली. मॉरिशसमध्ये तिला शाळेत जागा मिळाली. नेल्सनमध्ये ती हळूहळू फक्त रविवारची भाषा झाली, आठवड्यातून एकदा इस्त्रीचे कपडे घालून भेटायची. आणि जी गोष्ट फक्त सणावारी बाहेर निघते ती एखाद्या वाऱ्याने उडून जाऊ शकते. तो वारा महायुद्धाचाच असला पाहिजे असं नाही. नेटफ्लिक्स आणि टिकटॉकही पुरतात.

हे वाचून कुणी निराश होऊ नये. नेल्सनच्या लुथरनांचं सगळं गेलं असं मला अजिबात वाटत नाही. द्राक्षवाल्यांनी ज्या टेकड्यांकडे पाहून मान हलवली होती, त्याच मूटेरेत १९७० च्या दशकात हर्मन सायफ्रीड नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने द्राक्षं लावली, आणि १९७८ मध्ये सुरू झालेली 'नॉयडॉर्फ' वाइनरी आज देशातल्या उत्तम वाइनऱ्यांपैकी एक आहे. बाटलीवर ते जुनं नाव अभिमानाने छापलेलं आहे. होपमधल्या प्राथमिक शाळेचं नाव आजही रान्झाउ स्कूल आहे. सरकारने नकाशावरून पुसलेलं नाव लहान मुलं रोज गणवेशावर घालून फिरतात. म्हणजे जे नाव शाळेच्या, शेताच्या, धंद्याच्या उपयोगी पडलं ते उरलं.

म्हणून मंडळाच्या पुढच्या सभेत मी एक सुचवणार आहे. गणपती, दिवाळी, संक्रांत हे आपण हौसेने करतोच, ते करूच. पण मराठीला रविवारच्या बाहेरही थोडं काम देऊ या. मुलांच्या क्रिकेट टीमचे डावपेच मराठीत ठरवू दे, आजी-आजोबांना आयपॅड शिकवायचं काम नातवंडांकडे देऊ दे, आणि ते मराठीतच शिकवायचं असा नियम. आपल्यातल्या निवृत्त झालेल्या काका-काकूंकडून त्यांची इथे येण्याची हकिगत मुलांनी रेकॉर्ड करून घेऊ दे. फेडोर केलिंग पासष्ट वर्षं इथे जगला, पण त्याच्या शेजारणींची, त्याच्या शेतावरच्या गड्यांची हकिगत त्यांच्या स्वत:च्या शब्दांत आपल्याला कुठे सहज ऐकायला मिळते? आपल्या काका-काकू मात्र अजून फोन केला की उचलतात.

आणि या सुट्टीत साउथ आयलंडला जाणार असाल तर एबेल टास्मनच्या वाटेवर अर्धा दिवस मूटेरेसाठी काढा. मूटेरे इनमध्ये जेवा, चर्चच्या आवारात मुलांना थोडं फिरू द्या आणि त्यांना विचारा, शंभर वर्षांनी आपल्या नावाची पाटी कुठल्या रस्त्यावर असावी असं त्यांना वाटतं. माझ्या लेकीने दिलेलं उत्तर मी इथे लिहीत नाही. तुमच्या मुलांचं उत्तर मात्र मला जरूर कळवा.